एपीए पाठ करण्याआधी मूळ लेख उघडा

तुमचा प्रश्न मला असा समजला: बी.ए. मराठी माध्यमातून झालं, आता मानसशास्त्रात एम.ए.चं दुसरं वर्ष आहे आणि डेझर्टेशन (लघुप्रबंध) इंग्रजीतून लिहायचं आहे. रिव्ह्यूचा, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याचा, पहिला मसुदा गाईडनी परत दिला आणि त्यावर शेरा मारला, 'भाषा अकॅडेमिक नाही, रेफरन्सेस एपीएत नाहीत.' एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनाची आणि संदर्भ देण्याची पद्धत, आणि तिचं मॅन्युअल चारशेहून अधिक पानांचं. ते पाठ कसं करायचं, विकत घ्यावं का, आणि इंग्रजी कच्चं असताना हे सगळं जमणार का, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे मसुदे तपासते आहे. त्या अनुभवावरून सांगते, की गाईडच्या एका शेऱ्यात दोन निरनिराळी कामं दडली आहेत. रेफरन्सचा फॉरमॅट हे त्यातलं सोपं काम. स्वल्पविराम कुठे, तिरपी अक्षरं कुठे, हे गरज पडेल तेव्हा बघून करता येतं. मीही अजून बघूनच करते. अवघड काम दुसरं आहे. आपल्या परिच्छेदातलं प्रत्येक विधान कोणाच्या पुराव्यावर उभं आहे, हे लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक असलं की साधं इंग्रजीही अकॅडेमिक वाटतं. ते नसलं तर कितीही जड शब्द घाला, मसुदा परत येणार.

काही गोष्टी मात्र तुमच्या विभागावर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून सांगू शकत नाही. गाईडना आधी विचारा, एपीएची कोणती आवृत्ती हवी आहे. सातवी आवृत्ती २०१९च्या शेवटी आली, पण कित्येक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या हाती फिरणाऱ्या झेरॉक्स नोट्स अजून सहाव्या आवृत्तीच्या आहेत. मार्जिन, बाइंडिंग, प्रतिज्ञापत्राचं पान यांचे विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतात. ते आणि एपीए यांत फरक पडला तर विद्यापीठाचा नियम पाळायचा. तुमचं संशोधन प्रश्नावली आणि आकडेवारीचं आहे की मुलाखतींचं, यावरही बरंच ठरतं. मी दोन्हींबद्दल थोडं थोडं लिहिते.

मूळ लेख उघडण्याचा आग्रह मी का धरते ते आधी सांगते. प्रेरणेवरच्या जवळजवळ प्रत्येक डेझर्टेशनमध्ये मॅस्लो या मानसशास्त्रज्ञाचा गरजांचा पिरॅमिड असतो आणि खाली कंसात लिहिलेलं असतं, (मॅस्लो, १९४३). 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू'मधला तो १९४३चा लेख उघडून बघा. गरजांची उतरंड त्यात आहे, पिरॅमिडची आकृती नाही. ती पुढे इतरांनी काढली. म्हणजे कंसातला तो संदर्भ वाचकाला सांगतो की 'हे तिथे आहे', आणि वाचक तिथे गेला की त्याला ते सापडत नाही. फॉरमॅट अचूक असूनही संदर्भ खोटा ठरतो.

याहून मोठं उदाहरण किटी जेनोव्हीजचं. मार्च १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तिचा खून झाला, अडतीस शेजाऱ्यांनी खिडकीतून तो पाहिला आणि कोणीच हललं नाही, ही गोष्ट तुम्ही बी.ए.च्या पुस्तकात नक्की वाचली असणार. मॅनिंग, लिव्हाइन आणि कॉलिन्स या तिघांनी २००७मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये दाखवून दिलं, की अडतीस साक्षीदार होते, त्यांनी खून होताना पाहिला आणि ते स्वस्थ बसले, यांपैकी कशालाच उपलब्ध पुराव्यांचा आधार नाही. ही गोष्ट वृत्तपत्रातून पाठ्यपुस्तकात आली आणि एका पुस्तकातून दुसऱ्यात जात राहिली. प्रत्येकाने आधीच्याचा संदर्भ दिला होता, मुळाशी मात्र फार थोडे गेले.

आता फरक नीट बघा. ही गोष्ट डळमळीत निघाली म्हणून, इतर लोक हजर असले की मदत कमी होते का हे तपासणारा डार्ली आणि लटाने या मानसशास्त्रज्ञांचा १९६८चा प्रयोग खोटा ठरत नाही. त्यात इंटरकॉमवरून एका व्यक्तीला फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकवला होता. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ६२ टक्के होतं आणि आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत ३१ टक्के. सहभागी सगळे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी. म्हणून तुमच्या रिव्ह्यूत जेनोव्हीजची गोष्ट आणि हा प्रयोग एकाच वाक्यात, एकाच कंसात कोंबता येणार नाही. पहिलं एका घटनेचं वर्णन आहे आणि त्यावर शंका घेतली गेली आहे. दुसरं प्रयोगातलं मोजमाप आहे आणि ते ठरावीक लोकांवर, ठरावीक परिस्थितीत झालं आहे. ही दोन विधानं वेगळी लिहिता येणं हेच माझ्या मते अकॅडेमिक लेखन. त्यात इंग्रजीचा भाग फार थोडा आहे.

मूळ लेख मिळालाच नाही तर? तसं होतं, विशेषतः जुन्या लेखांच्या बाबतीत. मग प्रामाणिक वाट आहे: मजकुरात मूळ लेखकाचं नाव द्यायचं, 'अ‍ॅज सायटेड इन' म्हणून तुम्ही खरोखर वाचलेलं पुस्तक सांगायचं, आणि शेवटच्या यादीत फक्त ते वाचलेलं पुस्तक टाकायचं. असं अधूनमधून चालतं. रिव्ह्यूतले निम्मे संदर्भ असे असतील तर परीक्षक व्हायवात (तोंडी परीक्षेत) विचारणारच.

तुमच्या मसुद्याचे परिच्छेद तुम्ही दिलेले नाहीत, पण मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांचे रिव्ह्यू बहुतेकदा एकाच साच्याचे असतात, म्हणून अंदाजाने लिहिते. 'अमुक यांनी अमुक साली अमुक विषयावर अभ्यास केला. नमुना २०० होता. लक्षणीय फरक आढळला.' पुढचा परिच्छेद, दुसरे अमुक. असे तीस परिच्छेद, 'भारतातील संशोधन' आणि 'परदेशातील संशोधन' अशा दोन मथळ्यांखाली. हे इंग्रजीत लिहा की मराठीत, ती नोंदवही राहते. वाचकाला कळत नाही की हे तीस अभ्यास मिळून काय सांगतात, कुठे एकमेकांशी भांडतात, आणि तुमचा अभ्यास त्यात कुठली जागा भरतो.

यावर मी विद्यार्थ्यांना एक काम देते. सगळे अभ्यास बाजूला ठेवा आणि तुमच्या विषयाचे तीन-चार प्रश्न कागदावर लिहा. समजा, विषय किशोरवयीनांचा स्वाभिमान आणि सोशल मीडिया असा आहे. मग प्रश्न असे: वापराचा वेळ आणि स्वाभिमान यांचा सहसंबंध किती दिसतो? तो वेळेशी आहे की वापराच्या प्रकाराशी? कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरवता येईल असे अभ्यास कोणी केले आहेत? ग्रामीण मुलांवर काही आहे का? आता प्रत्येक अभ्यास ज्या प्रश्नाला उत्तर देतो त्याच्याखाली टाका. एकच अभ्यास दोन ठिकाणी आला तरी हरकत नाही. परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुमचं असू द्या, त्यात लेखकाचं नाव नको, विधान हवं. नावं त्या विधानाच्या पाठीशी कंसात येतील. एवढं केलं की भाषा न बदलताही मसुद्याचं रूप पालटतं.

आता इंग्रजीबद्दल. इथे तुमच्या मराठीचा सरळ उपयोग करून घ्या. लेख इंग्रजीत वाचा, मग तो मिटून ठेवा आणि टिपण मराठीत काढा: कोणावर केलं, काय मोजलं, काय आढळलं, लेखकांनी स्वतः कोणत्या मर्यादा मान्य केल्या. आकडे, मापनश्रेणींची नावं आणि तांत्रिक संज्ञा तेवढ्या इंग्रजीत ठेवा, पान क्रमांक लिहा. नंतर डेझर्टेशन लिहिताना मूळ लेख समोर नको, हे मराठी टिपण समोर ठेवून इंग्रजी वाक्य करा. वाक्य छोटं होईल, थोडं साधं होईल, पण तुमचं असेल. शेवटी मूळ लेख उघडून आकडे पडताळा. जे विद्यार्थी मूळ इंग्रजी वाक्य समोर ठेवून चार शब्द बदलतात, त्यांचं लेखन ठिगळं लावल्यासारखं दिसतं, आणि ती उसनवारीच असते, मग खाली संदर्भ दिलेला का असेना.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्मयचौर्याबाबतच्या नियमावलीची भीती अनेकांना असते, म्हणून तेही सांगते. प्रबंध आणि डेझर्टेशनमध्ये इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादर करायला मनाई, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द. रेफरन्सची यादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणं या मोजणीत धरत नाहीत. पण साम्य तपासणारं सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द मोजतं. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत लिहून श्रेय दिलं नाही, तर ते त्याला दिसणार नाही. तरी ती चोरीच. उलट प्रश्नावलीच्या सूचना किंवा चाचणीची नावं तंतोतंत जुळली म्हणून आकडा वाढला, तर त्यात गैर काही नाही. म्हणून अहवालातला आकडा बघून शब्द उलटेपालटे करत बसू नका. रंगवलेल्या ओळी एकेक करून वाचा.

वाक्यांच्या पातळीवर सगळ्यात जास्त दुरुस्ती मी एकाच गोष्टीची करते: पुराव्यापेक्षा मोठं विधान. 'यावरून सिद्ध होते की सोशल मीडियामुळे स्वाभिमान कमी होतो.' अभ्यास सहसंबंधाचा असेल तर 'मुळे' म्हणता येत नाही, आणि एका नमुन्यावरून काही 'सिद्ध' होत नाही. 'या नमुन्यात जास्त वापर आणि कमी स्वाभिमान एकत्र आढळले' एवढंच तुमच्या हातात आहे. लॉफ्टस आणि पामर यांचा स्मृतीवरचा १९७४चा लेख मी याचसाठी वाचायला लावते. अपघाताची फिल्म दाखवल्यावर एका गटाला वेग विचारताना गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' असं जोरकस क्रियापद वापरलं, दुसऱ्याला 'धडकल्या' असं सौम्य, आणि तिसऱ्याला वेगाचा प्रश्नच विचारला नाही. आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचं सांगणारे तीन गटांत प्रत्येकी ५० पैकी अनुक्रमे १६, ७ आणि ६ निघाले, आणि फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. जेमतेम पाच पानांचा लेख आहे. प्रश्न काय होता, काय केलं, काय दिसलं आणि त्याचा अर्थ काय, हे चार भाग त्यात बोट ठेवून दाखवता येतात. जोरकस गटातही बहुतेकांनी 'काच दिसली नाही' असंच सांगितलं होतं. विद्यार्थी लिहितात, 'प्रश्नाच्या शब्दांमुळे लोकांची स्मृती बदलते.' आकडे बघितले की कळतं, 'काही लोकांची' म्हणायला हवं.

बाकी भाषेचे नियम थोडक्यात. पद्धत आणि आढळलेले निकाल भूतकाळात लिहा, चर्चेत अर्थ लावताना वर्तमानकाळ चालतो. 'मी' लिहायला एपीएची परवानगी आहे. एकट्याने काम केलं असेल तर 'आम्ही' लिहू नका. 'संशोधकाद्वारे असे करण्यात आले' या वळणाची एपीएला गरज नाही, पण तुमच्या गाईडचा तसा आग्रह असेल तर वाद घालू नका. लोकांबद्दल लिहिताना 'डिप्रेशनचे पेशंट' असं सरसकट म्हणण्याआधी थांबा. निदान झालंय, की फक्त प्रश्नावलीवर गुण जास्त आलेत? तेच नेमकं लिहा.

आता फॉरमॅट. एपीए पद्धतीची सुरुवात १९२९ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मधल्या सात पानी लेखाने झाली, आणि वाचन सोपं व्हावं हाच तिचा हेतू होता. कंसात वर्ष देण्यामागे विचार आहे: मानसशास्त्रात १९६१चा पुरावा आणि २०१५चा पुरावा वाचक सारखा धरत नाही, म्हणून वर्ष तिथल्या तिथे दिसायला हवं. यादीतली नोंद चार प्रश्नांची उत्तरं देते, कोणी, कधी, काय, कुठे, आणि ती याच क्रमाने. सातव्या आवृत्तीत तीन किंवा जास्त लेखक असले तर मजकुरात पहिल्यापासूनच पहिलं नाव आणि 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर'). दोन असले तर दरवेळी दोन्ही नावं. प्रकाशकाचं शहर आता लिहायचं नाही. लेखाच्या शीर्षकात फक्त पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामं मोठ्या अक्षराने. नियतकालिकाचं नाव आणि खंड क्रमांक तिरप्या अक्षरांत, अंक क्रमांक सरळ. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) असेल तर तो पूर्ण लिंकच्या रूपात. एवढ्यावर बहुतेक नोंदी निघतात.

ज्या गोष्टी नोट्समध्ये सहसा नसतात आणि आपल्याकडे हमखास अडतात, त्या जरा सविस्तर सांगते. आपल्या विषयात पाटील, कुलकर्णी, देशपांडे, शर्मा ढिगाने असतात. एकाच आडनावाचे वेगवेगळे पहिले लेखक असतील तर वर्ष वेगळं असलं तरी मजकुरात त्यांची आद्याक्षरं द्यायची. मराठी पुस्तकाचा संदर्भ इंग्रजी डेझर्टेशनमध्ये देताना लेखकाचं नाव आणि शीर्षक रोमन लिपीत लिहायचं आणि शीर्षकाच्या पुढे चौकोनी कंसात इंग्रजी भाषांतर. मराठी उतारा तुम्ही स्वतः इंग्रजीत आणलात तर त्याला अवतरणचिन्हं नकोत, तो तुमच्या शब्दांतला सारांश धरला जातो. आणि तुमच्याच संशोधनात मुलाखत दिलेल्या व्यक्तीचे शब्द हा तुमचा डेटा आहे. त्याला अवतरणचिन्हं हवीत, टोपणनाव हवं, पण यादीत नोंद करायची नाही आणि 'पर्सनल कम्युनिकेशन' असंही लिहायचं नाही.

चाचण्यांचा संदर्भ तर नेहमी अर्धवट असतो. 'बेकची डिप्रेशन प्रश्नावली वापरली' म्हणजे कोणती? १९६१ची की १९९६ची सुधारित? मराठी भाषांतर कोणी केलं, की तुम्ही केलं? रोझेनबर्ग यांची दहा विधानांची स्वाभिमान श्रेणी १९६५ची आहे. मूळ विश्वसनीयता उतरवून भागत नाही, तुमच्या नमुन्यावर आलेला अल्फा (विश्वसनीयतेचा आकडा) लिहा. एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर '.०००' छापतं, ते तसंच उतरवू नका, 'पी'ची किंमत .००१ पेक्षा कमी असं लिहा. 'पी' (संभाव्यता) आणि 'आर' (सहसंबंध) एकापेक्षा जास्त होऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या दशांशचिन्हाआधी शून्य येत नाही; मध्य आणि प्रमाण विचलनाआधी येतं. तक्ते एसपीएसएसमधून फोटोसारखे चिकटवू नका, स्वतः करा, उभ्या रेघांशिवाय.

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, आजच घ्या आणि प्रत्येक लेख वाचतानाच त्यात टाका. मात्र त्याने किंवा गुगल स्कॉलरच्या 'साइट' बटणाने दिलेली नोंद जशीच्या तशी घेऊ नका. शीर्षकातली मोठी अक्षरं, गाळलेले अंक क्रमांक आणि उलटसुलट झालेली भारतीय नावं हाताने तपासावी लागतात. चॅटबॉटकडून रेफरन्स मागू नका. तो अस्तित्वात नसलेले लेख खऱ्यासारखे दिसतील अशा फॉरमॅटमध्ये देऊ शकतो. कुठूनही मिळालेल्या संदर्भाचा डीओआय ब्राउझरमध्ये टाकून लेख उघडतो का, ते बघा. सादर करण्यापूर्वी एक संध्याकाळ एवढ्यासाठीच ठेवा: मजकुरातला प्रत्येक कंस यादीत आहे का आणि यादीतली प्रत्येक नोंद मजकुरात आहे का, कागदावर टिक करत.

सुरुवात कुठून करायची, तर पूर्ण रिव्ह्यू घेऊन बसू नका. तुमच्या विषयाच्या अगदी जवळचा, चांगल्या नियतकालिकातला एक लेख निवडा. त्याची प्रस्तावना पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक वाक्यापुढे खूण करा: हे लेखकाचं विधान, हा दुसऱ्याचा पुरावा, ही मर्यादा, ही रिकामी जागा. मग तुमच्या मसुद्यातला एकच परिच्छेद त्याच खुणांनी तपासा, पुन्हा लिहा आणि तेवढाच गाईडना दाखवा. एका परिच्छेदावर नेमका शेरा मिळणं सोपं जातं. किती दिवस लागतील हे तुम्ही किती मूळ लेख आधीच वाचले आहेत यावर आहे. वाचन झालं असेल तर पुनर्लेखन लवकर होतं, नसेल तर वेळ वाचनाला लागेल, आणि तो द्यावाच लागेल.

मॅन्युअल विकत घ्यायची गरज नाही. एपीएच्या स्वतःच्या संकेतस्थळावर नियम आणि नमुना पेपर मोफत आहेत, आणि विभागाच्या ग्रंथालयात मॅन्युअलची प्रत असेल तर संदर्भांचा आणि पूर्वग्रहमुक्त भाषेचा भाग तेवढा वाचा. पुनर्लिखित परिच्छेद इथे टाकायचा असेल तर त्यासोबत तुम्ही वापरलेल्या लेखांचे डीओआयही द्या, म्हणजे मी मूळ लेखाशी ताडून सांगू शकेन.